पासवर्ड देता का, सर?

दिवाळीत जुने विद्यार्थी घरी येतात. फराळ होतो, चहा होतो आणि निघता निघता एखादा हळूच विचारतो, "सर, तुमचा एन-लिस्टचा पासवर्ड देता का?"

मागणी मोठी निरागस! साकोली-पवनीकडे नोकरी करणाऱ्या पोराला पीएच.डी. करायची आहे. कॉलेज सुटले तसे ग्रंथालयही सुटले. आणि आम्ही मास्तर मंडळी तर जन्मभर सांगत आलो की, विद्या दिल्याने वाढते!

वाढते, हे खरेच. पण गोम अशी की, छापील पुस्तक ग्रंथालयाच्या मालकीचे असते, तर संगणकावरचे नियतकालिक बहुधा भाड्याचे. भाडेकरूने पाहुण्याला जेवायला जरूर बोलवावे. किल्ल्या करून गल्लीत वाटू नयेत. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची एन-लिस्ट योजना महाविद्यालयांना हजारो नियतकालिके देते, ती ज्याच्या त्याच्या नावावर. कोणी अंकच्या अंक उतरवू लागला, तर प्रकाशक साऱ्या संस्थेचेच दार लावू शकतो. एकाच्या उदारपणाचा दंड मग शंभर पोरांनी भरायचा!

म्हणून का हात आखडायचा? मुळीच नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ५२ वे कलम खाजगी अभ्यासासाठी व संशोधनासाठी रास्त वापराची मुभा देते. दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्स दुकानाच्या खटल्यात २०१६ साली तिथल्या उच्च न्यायालयाने अध्यापनाच्या गरजेपुरत्या प्रतींची बाजू उचलून धरली. पुष्कळ करारांत सहकाऱ्याला अभ्यासापुरता एखादा लेख पाठवायला किंवा ग्रंथालयात येऊन बसणाऱ्याला वाचू द्यायला हरकत नसते. अटी ग्रंथपालाला ठाऊक असतात, त्यांना विचारावे. आणि पीएच.डी.चे प्रबंधच चाळायचे असतील, तर इन्फ्लिबनेटचीच 'शोधगंगा' सर्वांना फुकट खुली आहे.

खरे दुखणे पुढेच आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली : तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३ हजार नियतकालिके. पण १ जानेवारी २०२५ ला सुरू झालेला पहिला टप्पा सरकारी उच्चशिक्षण व संशोधन संस्थांपुरता. खेड्यातला जिज्ञासू शाळामास्तर त्यात कुठे बसतो? कर त्याचाही, कुलूपही त्यालाच!

तेव्हा मागायचेच, तर मास्तराचा पासवर्ड कशाला? प्रत्येक जिल्हा ग्रंथालयात या योजनेचा एक संगणक मागू या. तो चोरून वापरावा लागणार नाही आणि रांग लागली, तर आनंदच आहे.