घरच्या रेडिओसाठी आधी माईक घ्या
— ऊस विकास अधिकारी



आपल्या कार्यक्षेत्रातील काही तरुण सभासदांनी घरच्या घरी रेडिओ चालविण्याचे मनावर घेतले आहे. बेणे, पाण्याची पाळी, खोडव्याची निगा यांवर दहा-पंधरा मिनिटे बोलायचे आणि ते इंटरनेटवरून गावच्या मोबाईलवर पोहोचवायचे, असा त्यांचा बेत. बेत चांगला आहे. आमच्या खात्याची माणसे मोजकी, गावे पुष्कळ. रोज प्रत्येक बांधावर आम्ही पोहोचू शकत नाही. पण ही मंडळी सामानाच्या ज्या याद्या घेऊन येतात, त्या पाहून चार शब्द लिहिणे भाग पडले. यादीत मिक्सर असतो, मोठाले स्पीकर असतात, रंगीत दिवेसुद्धा असतात. माईकपुढे मात्र लिहिलेले असते, ‘कुठलाही चालेल’.

आमच्या मते तोच चालणार नाही. आपल्या धंद्यात आकड्याला किंमत आहे. आडसाली उसाला कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची, सुरू उसाला २५० किलोची. आता ‘हेक्टरी’ आणि ‘एकरी’ हे दोन शब्द घुमणाऱ्या खोलीत, हलक्या माईकवर बोलून पाहा. फरक काय तो ‘ह’चा आणि ‘ट’चा. ट, स, श अशा व्यंजनांचा जोर उंच पट्टीत, साधारण २००० हर्ट्झच्या वर असतो, आणि वाईट ध्वनिमुद्रणात आधी तीच बुडतात. स्वर तेवढे कानी येतात. ऐकणाऱ्याने हेक्टरीचे एकरी केले तर खत अडीचपट पडले! पैसा गेला, ऊस लोळला, उतारा घटला. एवढे नुकसान एका माईकपायी कशाला करून घ्यायचे?

माईक मुख्यतः दोन जातींचे मिळतात. कंडेन्सर माईक फार तिखट कानाचा. त्याला बहुधा ४८ व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो, आणि तो तुमच्या आवाजाबरोबर गोठ्यातली म्हैस, पंखा, रस्त्यावरचा ट्रॅक्टर सगळेच टिपतो. बंद स्टुडिओत तो उत्तम. आपल्या घरात डायनॅमिक माईक बरा, म्हणजे कीर्तनाला किंवा सभेला वक्त्याच्या हाती दिसतो तो. त्याला वीज लागत नाही, तो दणकट असतो आणि जवळचे तेवढेच नीट ऐकतो. शुअर कंपनीचा एसएम-५८ हा असा माईक १९६६ पासून चालू आहे. काही डायनॅमिक माईकांना यूएसबीची सोय असते. ते थेट संगणकाला जोडता येतात, मिक्सरचा खर्चच वाचतो. काही नामांकित महागड्या माईकांचा आवाज मुळातच क्षीण येतो, त्याला जोरदार प्रीअँप लागतो. पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नये.

एक भारी माईक घेण्यापेक्षा दोन साधे घ्यावेत, असे आम्ही आग्रहाने सांगू. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून युनेस्कोच्या मदतीने शेतकरी श्रोते मंडळांचा प्रयोग झाला. सुमारे दीडशे गावांत आठवड्यातून दोनदा मंडळी रेडिओभोवती बसत, ऐकून झाल्यावर आपसांत चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. त्या प्रयोगाचा जीव या उलट येणाऱ्या प्रश्नांत होता. तुमच्या रेडिओवरही गावातल्या म्हाताऱ्या बागायतदाराने समोर बसून उलटा सवाल केला पाहिजे, आणि तो सवाल ऐकूही आला पाहिजे. त्याला माईक नको का?

खोलीला पैसे लागत नाहीत. पत्र्याची खोली टाळावी. भरलेल्या पोत्यांची कोठी सर्वांत छान. नाहीतर भिंतीला दोन-तीन गोधड्या टांगाव्यात. माईक तोंडापासून चार बोटे दूर, थोडा तिरका धरावा, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’चा फुसका बसत नाही. कान झाकणारा हेडफोन घ्यावा आणि बोलताना तो कानावर ठेवावा. लॅपटॉप चार्जरवर असताना गुणगुण येत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर काम करावे, आणि घराचे अर्थिंग तपासून घ्यावे. आपल्याकडच्या विजेचे काय सांगावे!

आता एक इशारा. कोणी छोटा एफएम ट्रान्समीटर घेऊन गच्चीवर एरियल लावण्याच्या गोष्टी करतो, ते करू नये. विनापरवाना प्रक्षेपण हा गुन्हा आहे आणि एकट्या माणसाला असा परवाना मिळत नाही. बिहारमध्ये एका तरुणाने दुरुस्तीच्या दुकानातून चालविलेले, गावाचे लाडके केंद्र २००६ मध्ये बंद करावे लागले. त्याच वर्षीच्या धोरणाने सामुदायिक रेडिओचा परवाना स्वयंसेवी संस्था व कृषी विज्ञान केंद्रांना खुला झाला. १०० वॅट शक्ती, पाच-दहा किलोमीटरचा टापू. म्हसवडला माणदेशी तरंग, बारामतीला कृषी विज्ञान केंद्राची शारदा कृषी वाहिनी अशा वाटेनेच उभ्या राहिल्या. आपल्या छत्रपती संभाजीनगरातही एमजीएमचे केंद्र आहे. कार्यक्रम चांगला जमला तर तो घेऊन अशा केंद्राकडे जावे. सिनेमाची गाणी मात्र त्यात घालू नयेत, त्यांचे हक्क दुसऱ्याचे असतात.

पहिला भाग तयार झाला की तो घरच्या मोठ्या स्पीकरवर ऐकू नका; साध्या मोबाईलवर, पंप चालू असताना ऐका. मग गट कार्यालयात आणून द्यावा. खताचे आणि औषधाचे आकडे आम्ही तपासून दोन दिवसांत परत करू.