यासुकेकडेच पुरावा का?

‘गेममध्ये राजकारण घुसडू नका’ असे सांगणारे मित्र आम्हाला २०२४ च्या मे महिन्यापासून जास्तच भेटू लागले. त्या महिन्याच्या १५ तारखेला युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने ‘असॅसिन्स क्रीड शॅडोज’ या गेमची झलक दाखवली. सोळाव्या शतकातला जपान, आणि दोन मुख्य पात्रे. नाओए ही इगा प्रांतातली शिनोबी मुलगी, आणि यासुके हा आफ्रिकेतून आलेला काळा माणूस. दिवस उलटायच्या आत जगभरचे चाहते दोन तट पाडून भांडू लागले. आमच्यातही भांडण झाले. आमच्या अभ्यासवर्गातली निम्मी पोरे हे गेम खेळतात आणि त्यांतल्याच काहींनी विचारले, ‘पण दादा, यासुके खरंच सामुराई होता याला पुरावा काय?’

पोरांचा प्रश्न म्हणून तो उडवून लावणे आम्हाला बरोबर वाटत नाही. २००७ पासून चालत आलेल्या या मालिकेच्या २० कोटींहून जास्त प्रती खपल्या आहेत. धर्मयुद्धातले जेरुसलेम, मेदिचींचे फ्लॉरेन्स, क्लिओपात्राचे अलेक्झांड्रिया अनेक तरुणांनी आधी इथेच पाहिले, पुस्तकात नंतर. इतिहास सांगायचे एवढे मोठे साधन ज्यांच्या हाती आहे, त्यांच्या भांडणात आपल्यालाही बोलायचे आहे.

आता पुराव्याचे पाहू. मालिकेतला सर्वांत लाडका नायक म्हणजे एत्झिओ. इटलीतल्या सुखवस्तू घरातला देखणा, बोलघेवडा तरुण. त्याच्यासाठी लिओनार्दो दा विंची मनगटात लपणारी पाती बनवून देतो. २००९ च्या गेमच्या शेवटी तो व्हॅटिकनमध्ये शिरतो आणि पोप सहावा अलेक्झांडर याला चक्क बुक्क्यांनी बडवतो. या एत्झिओचा इतिहासात मागमूस नाही, तो कंपनीच्या लेखकांनी कागदावर जन्माला घातला. त्याच्यावर एक सोडून तीन गेम निघाले. तेव्हा कोणी पुरावा मागितला का? आम्हीही नाही मागितला. खरे सांगायचे तर पोपला बुक्के मारताना आम्हाला मजाच आली.

मुख्य मालिकेत प्रत्यक्ष होऊन गेलेला माणूस पहिल्यांदा नायक झाला तो यासुके. आणि नेमका त्याच्यापाशी दाखला मागितला गेला. यातली गंमत आमच्या पोरांना सांगितली तेव्हा दोघेतिघे हसले, एकाला राग आला. राग येणाऱ्याला आम्ही जास्त जवळचा मानतो.

दाखला आहेच. अलेस्सांद्रो वालिन्यानो हा जेझुइट पाद्री १५७४ मध्ये गोव्यात उतरला आणि तिथून मकावमार्गे १५७९ मध्ये जपानला पोचला. त्याच्या ताफ्यात हा माणूस होता. १५८१ मध्ये ओदा नोबुनागाने त्याला पाहिले, तेव्हा कातडीला शाई फासली आहे की काय अशी शंका येऊन त्याला अंगावरचे कपडे उतरवून धुवायला लावले. नोबुनागाच्या चरित्रात तो पंचविशीतला, बैलासारखा काळा आणि दहा माणसांचे बळ असलेला असे वर्णन आहे. त्याच चरित्राच्या एका हस्तलिखितात त्याला घर, वेतन आणि तलवार दिल्याची नोंद आहे. मात्सुदाइरा इएतादा या सरदाराच्या रोजनिशीत त्याची उंचीही लिहिली आहे, ती सहा फुटांच्या जवळपास भरते. १५८२ मध्ये होन्नोजीच्या बंडात नोबुनागा संपला. यासुके त्याच्या मुलाच्या बाजूने लढला आणि पकडला गेला. विजयी अकेची मित्सुहिदेने त्याला मारले नाही. हा जनावर आहे, याला काही कळत नाही, शिवाय हा जपानी नाही, असे कारण देऊन त्याला पाद्र्यांच्या चर्चकडे पाठवून दिले. पुढे कागद गप्प आहेत.

नीट बघा, या सगळ्या नोंदी त्याच्याबद्दल दुसऱ्यांनी केल्या आहेत. धुवून बघणाऱ्यांनी, उंची मोजणाऱ्यांनी, जनावर म्हणणाऱ्यांनी. त्याचा स्वतःचा एक शब्द उरलेला नाही. ज्यांच्या हाती लेखणी नव्हती त्यांनी कागद आणून दाखवावा, ही मागणी आपल्या लोकांना नवी नाही. म्हणून आमच्याच पोराच्या तोंडून ती ऐकताना जरा जास्त लागले.

‘सामुराई’ या शब्दावर अभ्यासकांत मतभेद आहेत, ते लपवायचे कारण नाही. नोंदींत त्याच्यासाठी तो शब्द सरळ वापरलेला नाही. पण त्या काळच्या जपानमध्ये शेतकरी आणि योद्धा यांच्यातली भिंत अजून पक्की झाली नव्हती. खुद्द नोबुनागाचा वारस ठरलेला हिदेयोशी खालच्या थरातून वर चढला, आणि मग त्यानेच १५८८ मध्ये शेतकऱ्यांची हत्यारे काढून घेतली, १५९१ मध्ये योद्ध्याने गावकरी आणि गावकऱ्याने व्यापारी व्हायला बंदी घातली. शिडी चढून गेलेल्याने शिडी ओढून घेतली. जन्मावरून दर्जा गोठवण्याची ही तऱ्हा आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. ती गोठण्याआधीच्या मोकळ्या जागेत यासुके उभा होता. त्याच सुमारास हिंदी महासागराच्या या बाजूला, अहमदनगरच्या निजामशाहीत, आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर चाकरी करत वर येत होता. पुढे तो निजामशाहीचा कर्ता झाला, त्याने खडकी शहर वसवले, मोगलांना जेरीस आणले. तेव्हा काळ्या माणसाच्या हाती तलवार दिसली की कंपनीने अजेंडा राबवला असे म्हणणाऱ्यांनी आधी आपल्याच दख्खनचा इतिहास वाचावा.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र आम्हाला वजनदार वाटतो. सीरियात अल्ताइर, इजिप्तमध्ये बायेक असे स्थानिक नायक दिले, मग जपानच्या वेळीच बाहेरचा पुरुष का? आशियाई पुरुषाला जगाच्या पडद्यावर नायक म्हणून क्वचित जागा मिळते, हे खरेच आहे. पण मग नाओए कोण आहे? ती जपानीच आहे, आणि गेमच्या नावातला ‘असॅसिन’ खरा तर तिलाच लागू होतो. ती बाई असल्यामुळे हिशेबात धरली जात नाही का? शिवाय परका नायक मालिकेत आधीही झाला. कॅरिबियन बेटांवर वेल्सचा एडवर्ड केनवे, इंग्लंडमध्ये नॉर्वेचा आयव्होर. ‘निओह’ हा २०१७ चा जपानीच कंपनीचा गेम घ्या. त्यात नायक गोरा विल्यम आहे, विल्यम ॲडम्स या इंग्रज खलाशावर बेतलेला, जो जपानी भुतांना तलवारीने कापत सुटतो. त्याच गेममध्ये यासुकेही आहे, पण आपण मारायचा शत्रू म्हणून. असे वादळ त्यावर उठले नव्हते.

जपानी लोकांच्या सगळ्याच तक्रारी आम्ही या खात्यात टाकत नाही. सेकिगाहाराची लढाई उभी करणाऱ्या तिथल्या एका हौशी मंडळाचा झेंडा कंपनीने न विचारता चित्रात वापरला, त्याबद्दल माफी मागावी लागली. नागासाकीत अणुबॉम्बनंतर एका खांबावर उभ्या राहिलेल्या तोरीची आठवण करून देणारी शोभेची मूर्ती बाजारात आणायला काढली होती, ती मागे घेतली. या चुका हलगर्जीपणाच्या होत्या आणि त्यांचा राग रास्त होता. तो राग आणि अमेरिकेत बसून ‘काळा नको’ म्हणणाऱ्यांचा राग एकाच पोत्यात भरण्याची चलाखी आपण करू नये.

आणि कंपनीला पुरोगामी म्हणून डोक्यावर घेण्याचे तर काहीच कारण नाही. २०२० मध्ये ब्लूमबर्गने छापलेल्या बातमीनुसार ‘सिंडिकेट’मध्ये ईव्ही आणि जेकब या बहीणभावाला सारखी जागा मिळणार होती, पण ईव्हीची कमी झाली. ‘ओरिजिन्स’मध्ये बायेक लवकर बाजूला होऊन त्याची बायको आया पुढची कथा नेणार होती, ते बदलले. ‘ओडिसी’ची नायिका एकटी कसांड्राच असणार होती, तिच्यासोबत भाऊ द्यावा लागला. कारण काय, तर बाई नायिका असली की माल खपत नाही, असे वरच्यांचे मत! चाहते म्हणतात मालिका भरकटली. भरकटली असेल, पण दर वेळी सुकाणू कोणाच्या भीतीने वळले, तेही बघायला हवे.

आम्हाला सर्वांत जास्त खुपलेला गेम २०१२ चा आहे. त्याचा नायक कॉनर, मोहॉक जमातीचा. अमेरिकन क्रांतीत तो वॉशिंग्टनच्या बाजूने लढतो, आणि मग त्याला कळते की आपले गाव जाळायचा हुकूम वॉशिंग्टननेच दिला होता. (गाव काल्पनिक असले तरी १७७९ मध्ये वॉशिंग्टनच्या हुकमाने इरोक्वाय लोकांची गावे आणि उभी पिके जाळली गेली, हा इतिहास आहे.) शेवटी इंग्रज न्यूयॉर्क सोडून जातात, लोक स्वातंत्र्याचा जल्लोष करतात, आणि त्याच धक्क्यावर कॉनरला गुलामांची विक्री दिसते. त्याच्या लोकांची जमीन नव्या सरकारने विकून टाकलेली असते. स्वातंत्र्य कोणाचे आणि कोणापासून, हा सवाल एवढ्या रोखठोकपणे विचारणारा गेम आम्ही दुसरा खेळलो नाही. चाहत्यांचा निकाल काय? कॉनर कंटाळवाणा, लाकडी, सदा रागावलेला. त्यात एत्झिओसारखी मजा नाही. अहो, ज्याची आई डोळ्यांदेखत जळून मेली त्याने बायकांशी लाडीगोडी करत हिंडायचे होते का? कॉनरला दुसरा गेम मिळाला नाही.

अदेवालेचे तर आणखी वाईट. गुलामीतून सुटलेला हा खलाशी २०१३ च्या ‘ब्लॅक फ्लॅग’मध्ये एडवर्डचा उजवा हात असतो. जहाज चालवण्यात तो कोणाला हार जाणारा नाही, पण गोरे खलाशी काळ्याला कप्तान मानणार नाहीत, हे त्याला पक्के ठाऊक असते. नंतर ‘फ्रीडम क्राय’ या छोट्या जोडभागात तो नायक होतो, पोर्ट-ओ-प्रिन्सच्या आसपास गुलामांना सोडवतो. त्यातला एक प्रसंग आम्ही विसरू शकत नाही. गुलामांनी भरलेले जहाज बुडते आहे, तळघरात माणसे साखळदंडाने बांधलेली आहेत, आणि सगळ्यांना वाचवणे तुमच्या हाती नाही. पण त्याच गेममध्ये सोडवलेल्या माणसांचा आकडा वाढला की नवी हत्यारे मिळतात. माणसे पुन्हा मोजदादीचा माल झाली! आणि लगेच पुढच्या वर्षीच्या ‘रोग’मध्ये नायक शे कॉर्मॅक अदेवालेला ठार मारतो. म्हणजे ज्या कंट्रोलरने आपण त्याला चालवले, त्याच कंट्रोलरने त्याला संपवायचे.

‘शॅडोज’ अखेर २० मार्च २०२५ ला आला. यासुके मवाळ, विचारी लिहिला आहे, ते आवडले. खेळायला मात्र तो भिंत फोडणारा पहिलवान. चढायचे, लपायचे, डोके वापरायचे काम नाओएचे, दार मोडायचे काम यासुकेचे. उंचावरून उडी मारली तर तो धप्पकन आपटतो. चारशे वर्षांपूर्वीच्या दरबाऱ्याला जे ‘दहा माणसांचे बळ’ दिसले, तेवढेच कंपनीलाही दिसले. आमचा आक्षेप असलाच तर हा आहे, आणि चाहत्यांच्या गदारोळात नेमका तोच कोणी ऐकला नाही.

त्या गदारोळाची खरी किंमत ऑक्टोबर २०२५ मध्ये बाहेर आली. ‘गेम फाइल’ने कंपनीच्या आजी-माजी कर्मचाऱ्यांच्या हवाल्याने बातमी दिली, की मालिकेतला एक गेम २०२४ मध्येच रद्द करण्यात आला. काळ होता अमेरिकेतल्या यादवीनंतरच्या पुनर्बांधणीचा. नायक होता गुलामीतून मुक्त झालेला काळा माणूस. समोर कु क्लक्स क्लॅन. रद्द करण्यामागची जी कारणे त्या कर्मचाऱ्यांनी सांगितली, त्यांत यासुकेवरून उठलेला गोंधळ आणि अमेरिकेतले तापलेले राजकारण ही होती.

हा काळ आपल्याला परका नाही. पुनर्बांधणी चालू असतानाच, १८७३ मध्ये, पुण्यात जोतिबांनी ‘गुलामगिरी’ छापले आणि ते काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केले. त्याच पुनर्बांधणीचा इतिहास काळ्या माणसाच्या बाजूने लिहिणारे डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना १९४६ मध्ये बाबासाहेबांनी पत्र पाठवले होते, काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागायला. म्हणजे पुण्या-मुंबईतून त्या लढ्याकडे बघणारी नजर दीडशे वर्षांची आहे. तो काळ हातात कंट्रोलर घेऊन चालता आला असता. मतपेटीपर्यंत पोचलेला कालचा गुलाम आणि रात्री त्याच्या दारावर येणारे बुरखेधारी, हे आपल्या पोरांनी खेळून पाहिले असते. ‘पुरावा काय’ म्हणून ओरडणाऱ्यांनी एक पात्र हाणून पाडायला काढले होते, ते पडले नाही. पण जो गेम जन्मालाच यायचा होता, तो पडद्यामागे गुपचूप पडला. त्या काळाचे तर कागद ढीगभर आहेत. तिथे पुराव्याची अडचण नव्हती.

येत्या रविवारी अभ्यासवर्गात आम्ही ‘फ्रीडम क्राय’ लावणार आहोत, बुडत्या जहाजाच्या प्रसंगापर्यंत. ज्यांना यासुकेवर अजून भांडायचे आहे त्यांनी जरूर यावे. येताना कॉनरचा गेम शेवटपर्यंत खेळून यावे, न्यूयॉर्कच्या त्या धक्क्यापर्यंत. अर्ध्यावर सोडलेल्यांशी आम्ही वाद घालणार नाही.