सेवा घाला चुलीत

आधीच सांगतो, मी सेवेला गेलो नव्हतो. मी ड्रायव्हर होतो. पोटासाठी डार्विनला, ऑस्ट्रेलियाच्या पार वरच्या टोकाला येऊन पडलेला माणूस, मिनीबस हाकतो. २०२४ च्या जुलैत दक्षिणेतल्या एका शहरातल्या चर्चची सोळा माणसं विमानानं उतरली आणि मी त्यांना दहा दिवसांसाठी एका अ‍ॅबोरिजिनल वस्तीवर घेऊन गेलो. वस्तीचं नाव लिहीत नाही. त्यांना विचारलेलं नाही, आणि न विचारता करण्याबद्दलच माझं भांडण आहे.

माणसं वाईट नव्हती, दोस्तांनो. वाईट असती तर चार शिव्या हासडून मोकळा झालो असतो. कॉलेजातली पोरंपोरी, एक मास्तरीण, एक रिटायर झालेला दातांचा डॉक्टर. पदरचे पैसे भरून आलेली, उन्हात राबली. सकाळी प्रार्थना, मग मुलांना गाणी आणि येशूच्या गोष्टी, दुपारी हॉलच्या भिंतीला रंग. रात्री शेकोटीभोवती बसून एकेकानं सांगायचं, आज देवानं मला काय शिकवलं. मी बसच्या पायरीवर बसून ऐकायचो. दहा रात्री ऐकलं. दहाही रात्री त्या शेकोटीशी वस्तीतलं एक माणूस नव्हतं.

आणि ती भिंत! वस्तीतली तीन-चार तरणी पोरं दिवसभर समोर उभी, हाताला काम नाही. ब्रश त्यांच्या हाती द्यावा, मजुरी द्यावी, हे एकाच्याही टाळक्यात आलं नाही. आलं असतं तर सोळा जणांनी तिथं काय केलं असतं? सगळ्या लवाजम्यात रोजगार एकट्या मला मिळाला, आणि मी तर महाराष्ट्रातून आलेला उपरा.

पाचव्या दिवशी एक म्हातारी बसपाशी आली. तिची बहीण शहरात डायलिसिसच्या मशीनवर. दुसऱ्या दिवशी मी डिझेल आणि सामान आणायला रिकामी बस घेऊन शहरात जाणार, हे तिला कळलेलं. म्हणाली, मला नेशील का? मी म्होरक्याला विचारलं. तो गोडच बोलला. विम्यात बसत नाही, म्हणाला, कार्यक्रमातही नाही. संध्याकाळी त्या सगळ्यांनी म्हातारीच्या बहिणीसाठी डोळे मिटून प्रार्थना केली. सकाळी मी सोळा रिकाम्या सीटा घेऊन निघालो. मी काय केलं म्हणाल, तर काही नाही. नोकरी होती. ती लाज मी कुणावर ढकलत नाही.

डायलिसिस हे तिथलं रोजचं दुखणं आहे. किडनी गेली की मशीनसाठी माणसानं शेकडो मैल दूर शहरात जाऊन राहायचं, आपली जमीन, आपली माणसं सोडून मरायचं. पश्चिमेच्या वाळवंटातल्या पिंटुपी लोकांनी याच्यावर काय केलं ते ऐका. त्यांच्या चित्रकारांनी एकत्र बसून मोठी चित्रं रंगवली, २००० साली सिडनीत लिलाव केला, दहा लाख डॉलरांच्या वर पैसा उभा केला आणि २००४ मध्ये किंटोर गावात स्वतःचं मशीन बसवलं. रंग तोच, ब्रश तोच. फरक एवढाच की काय रंगवायचं आणि कशासाठी, ते त्यांनी ठरवलं.

ही बस मला ओळखीची वाटली, कारण हीच बस आपल्या दारात १९३२ साली आली होती. पुणे करारानंतर हरिजन सेवक संघ निघाला. बाबासाहेबांनी त्याच नोव्हेंबरात, गोलमेज परिषदेला जाताना बोटीवरून ठक्करबाप्पांना लांबलचक पत्र लिहिलं. म्हणाले, एकेक माणूस सुधारत बसू नका. पाणवठा, शाळा, नोकरी, नागरी हक्क यांसाठी लढा करा. त्या पत्राची साधी पोचसुद्धा आली नाही. पुढं अस्पृश्यांचं शिष्टमंडळ गांधींकडं गेलं, म्हणालं, संघाच्या मंडळावर आमची माणसं घ्या. उत्तर काय? हे हिंदूंचं प्रायश्चित्त आहे, पैसा हिंदूंचा, तेव्हा कारभारही हिंदूच पाहणार. म्हणजे पाप त्यांचं, पुण्य त्यांचं, कमिटी त्यांची. आपण फक्त सेवा करून घ्यायची.

शेकोटीशी तेच चाललं होतं. येशूच्या जागी प्रायश्चित्त घाला, फार फरक पडत नाही.

मी मिशनचा सरसकट वैरी नाही. माझी आजी नगर जिल्ह्यात मिशनच्या शाळेत अक्षर शिकली, गावच्या शाळेनं तिला उंबऱ्यावरही घेतलं नसतं. तिकडंही विल्यम कूपर मालोगा मिशनवर शिकला, बायबल वाचणारा माणूस, आणि त्याच्या संघटनेनं १९३८ च्या २६ जानेवारीला, गोऱ्यांच्या वसाहतीला दीडशे वर्षं झाली त्या दिवशी, सिडनीत शोकदिन पाळायला लावला. पण ज्या मिशनांनी अक्षर दिलं त्यांतल्या कित्येकांनी मुलं आईबापांपासून तोडून डॉर्मिटरीत ठेवली, मायबोली बंद केली. १९९७ चा सरकारी चौकशी अहवाल सांगतो की १९१० ते १९७० या काळात दहात एक ते तीनात एक एवढी मुलं अशी उचलली गेली. आणि १९६३ मध्ये यिरकलाला, मेथडिस्ट मिशनच्या भूमीवर, सरकारनं बॉक्साइटच्या खाणीसाठी जमीन काढून घेतली. यॉलन्गू लोकांनी झाडाच्या सालीवर आपली चित्रं काढून, आपल्या भाषेत आणि इंग्रजीत, संसदेला अर्ज पाठवला. एकच म्हणणं, आम्हाला विचारलं नाही. खाण झालीच.

साठ वर्षांनी त्यांनी परत तेच मागितलं. २०२३ चं सार्वमत. घटनेत एक सल्लागार मंडळ द्या, संसदेला आमचं म्हणणं सांगेल. नकाराधिकार नाही, पैसा नाही, नुसता सल्ला. तारीख होती १४ ऑक्टोबर. आमची चार घरची माणसं डार्विनला एका खोलीत धम्मचक्र प्रवर्तन दिन करत होती, बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावलेली, आणि मोबाईलवर निकाल आला. साठ टक्के देशानं नाही म्हटलं. सहाच्या सहा राज्यांनी. दूरच्या अ‍ॅबोरिजिनल वस्त्यांच्या पेट्यांतून बहुतेक ठिकाणी 'हो'चे ढीग निघाले होते. मला मत नव्हतं, व्हिसावरचा माणूस. वंदना पुरी केली, पण जेवण कुणाला गेलं नाही.

म्हणून परतीच्या वाटेवर मी म्होरक्याला विचारलं, सार्वमताला तुम्ही काय केलं? तो म्हणाला, आम्ही राजकारणात पडत नाही, आम्ही सेवा करतो.

आता जरा आपल्याकडं. १९७२ च्या २६ जानेवारीला चार काळ्या पोरांनी कॅनबेराच्या संसदेपुढं हिरवळीवर छत्री रोवली आणि तिला वकिलात म्हटलं. म्हणे आम्ही आमच्याच देशात परके. त्याच साली मुंबईत पँथर निघाली. त्यांच्याकडंही ब्लॅक पँथर होती, ब्रिस्बेनला. तेव्हा आपण कुणाच्या बाजूचे, हे विचारायला लागत नव्हतं. आज? चौदा एप्रिलला टेम्पो भरून वह्या घेऊन वस्तीत जातो, फोटो काढतो, संध्याकाळी फ्लॅटवर परत. आदिवासी पाड्यावर शिबिर घेतो, भाषणं आपली, पाड्यानं चटया टाकायच्या. मित्रा, चिडू नको. मीही वह्या वाटल्यात. कुठल्या वह्या हव्यात, हे मी त्या पोरांना कधी विचारलं नाही.

यंदाच्या जुलैसाठी त्याच चर्चचं बुकिंग आलंय. मी म्होरक्याला पत्र धाडलं. तीन प्रश्न: तुम्हाला बोलावलं कुणी, काम कुणी ठरवलं, आणि शहराकडं जाणाऱ्या रिकाम्या बसमधल्या सीटा वस्तीला देणार की नाही.

दोन महिने झाले. पोच नाही.