वाचलंस? मग आता सांग!

वसई-विरारमधल्या चौथी, पाचवी आणि सहावीच्या मुलांसाठी आम्ही आजपासून ही चळवळ सुरू करत आहोत. आम्ही म्हणजे काही शिक्षक, काही पालक, एक निवृत्त ग्रंथपाल आणि विरार लोकलने रोज ये-जा करणारे काही नोकरदार.

निमित्त घडलं एका दुपारी. पाचवीतल्या एका मुलीला आम्ही सुकेळीवरचा छोटा उतारा वाचायला दिला. राजेळी केळी पिकू द्यायची, सोलायची, कडक उन्हात वाळवायची. मुलीने ओळीखाली बोट न धरता, कुठेही न अडखळता वाचून दाखवलं. कागद बाजूला ठेवून आम्ही विचारलं, "मग पावसाळ्यात सुकेळी का करत नाहीत?" ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "यात लिहिलेलं नाहीये." खरंच लिहिलेलं नव्हतं. पण तिची आजी दरवर्षी अंगणात सुकेळी घालते. आजीच्या अंगणातलं ऊन आणि कागदावरचं ऊन एकच, हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं.

2021 साली सुरू झालेल्या 'निपुण भारत' या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या मोहिमेचं लक्ष्य तिसरीपर्यंतचं आहे. ते योग्यच आहे. 'असर' या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या 2024 च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत पाचवीच्या 44.8 टक्के मुलांनाच दुसरीचा मजकूर वाचता येत होता. मागे राहिलेल्यांना अक्षरापासून हात द्यायलाच हवा. पण ज्यांना घडाघडा वाचता येतं, त्यांना समजतं असं आपण धरून चालतो. चौथीपासून विज्ञान, भूगोल, गणिताची शाब्दिक उदाहरणं, सगळं वाचूनच शिकायचं असतं. तिथे मूल अडलं की आपण म्हणतो, गणित कच्चं आहे. कित्येकदा कच्चं असतं ते वाचन.

लिहिलेल्यावरून न लिहिलेलं ओळखणं, हे आम्हाला सर्वांत आधी हवं आहे. अनोळखी शब्द आला की मागच्यापुढच्या वाक्यांवरून अर्थाचा अंदाज बांधायचा, मगच शब्दकोश उघडायचा. वाचलेलं स्वतःच्या शब्दांत चार वाक्यांत सांगता यावं. रेल्वेचं वेळापत्रक, नकाशा, पाणी बंद असल्याची नोटीस, हेही वाचनच आहे. ते परीक्षेत येत नाही म्हणून टाळू नये.

आणि माहिती कुठली, मत कुठलं, हे वेगळं काढता यावं. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत 1739 साली वसईचा किल्ला मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून जिंकला, ही माहिती. त्या विजयाबद्दल लिहिणारा जे म्हणतो, ते त्याचं मत. मराठ्यांच्या बाजूचं एक पान आणि पोर्तुगीजांच्या बाजूचं एक पान शेजारी ठेवून पाचवीतलं मूल विचारू शकतं, "हे दोघं वेगळं का सांगतात?" तो प्रश्न विचारणाऱ्या मुलाला आम्ही गप्प बसवणार नाही.

आमच्या गावांत कुणाच्या घरी सामवेदी, कुणाच्या वाडवळी, कुणाच्या वारली. नालासोपाऱ्याच्या चाळींत हिंदी, गुजराती, भोजपुरी. मुलाने मराठी धडा वाचला आणि अर्थ सामवेदीत सांगितला, तर तो चुकला असं आम्ही मानणार नाही. अर्थ आधी घरच्या बोलीत येतो, मग प्रमाण मराठीत. उच्चारावरून हसल्यामुळे किती मुलं वर्गात तोंडच उघडेनाशी झाली, हे आम्ही पाहिलं आहे.

याच सोपाऱ्यात 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. लिपी विसरली गेल्यामुळे ब्राह्मीतली अशी अक्षरं शतकानुशतकं लोकांच्या डोळ्यांसमोर नुसत्या रेघा होऊन राहिली होती. आमच्या मुलांच्या पुस्तकांचं तसं व्हायला नको.

शाळांकडे आमचं मागणं एवढंच, की रोज वीस मिनिटं मूक वाचन आणि नंतर गप्पा द्या; उत्तरं फळ्यावरून उतरवून घेणं थांबवा. वर्गातल्या पेटीतली पुस्तकं कुलपाबाहेर ठेवा. फाटली तर आम्ही बांधून देऊ. दर शनिवारी आमच्यातलं कुणीतरी वाडीत, चाळीत, सोसायटीच्या जिन्याखाली मुलांसोबत बसेल.

पालकहो, आज रात्री जेवणं झाली की मुलाजवळ बसा. त्याला आवडेल ते एक पान वाचू द्या. पुस्तक मिटा आणि विचारा, "काय झालं यात? तुला काय वाटतं?" मग उत्तर येईपर्यंत थांबा.