"तोच ड्रेस पुन्हा?" : राजघराण्यातील स्त्रीचा पोशाख आणि आपली मतं



कार्यानुभवाच्या तासाला आमच्या चौथीच्या वर्गात जुन्या वर्तमानपत्रांतली चित्रं कापून चिकटवायचं काम चाललं होतं. एका मुलीला रविवारच्या पुरवणीत एक फोटो सापडला. पायघोळ पांढरा गाऊन आणि कोपराच्याही वर जाणारे काळे हातमोजे घातलेली एक उंच स्त्री. खाली लिहिलं होतं, की ब्रिटनच्या प्रिन्सेस ऑफ वेल्स केट यांनी चार वर्षांपूर्वीचाच गाऊन पुन्हा घातला. मुलीने ते अडखळत वाचलं आणि मला विचारलं, "मॅडम, ही राजाच्या घरची आहे ना? मग हिला दुसरा ड्रेस नाही का?"

सगळा वर्ग हसला. मीही हसले. फक्त खिडकीजवळची एक मुलगी हसली नाही. ती का हसली नाही ते मला माहीत होतं. त्याबद्दल लेखाच्या शेवटी लिहिते. आधी त्या गाऊनबद्दल आणि त्याच्यावर जगाने दिलेल्या मतांबद्दल.

एकच गाऊन, अनेक मतं

तो फोटो फेब्रुवारी २०२३ मधला, लंडनमधल्या बाफ्टा या चित्रपट पुरस्कार सोहळ्यातला होता. अलेक्झांडर मॅक्वीन या फॅशन हाऊसचा तो गाऊन केट यांनी २०१९ च्या बाफ्टाला घातला होता. २०२३ मध्ये खांद्यावरची फुलांची सजावट बदलून तिथे सोडलेलं कापड आलं, काळे हातमोजे आले आणि कानात झारा या दुकानातले साधे, स्वस्त कानातले आले. एवढाच बदल.

यावर किती लोकांनी किती मतं दिली! कोणी म्हणालं, किती छान, जुना कपडा पुन्हा वापरला. कोणी म्हणालं, पांढऱ्यावर काळे हातमोजे शोभत नाहीत. कुणाला स्वस्त कानातल्यांचं कौतुक वाटलं, तर कुणाला तो साधेपणाचा देखावा वाटला. एकाच बाईच्या एकाच संध्याकाळच्या कपड्यांवर ही सगळी मतं.

हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. २०१२ मध्ये मलेशियाच्या दौऱ्यात घातलेला पांढरा-सोनेरी गाऊन त्यांनी २०२० च्या बाफ्टाला पुन्हा घातला. त्या वर्षी पाहुण्यांना पर्यावरणाचा विचार करून कपडे निवडायला सांगितलं होतं. २०२१ मध्ये पर्यावरणासाठीच्या अर्थशॉट पुरस्काराच्या सोहळ्याला त्यांनी दहा वर्षांपूर्वीचा फिकट जांभळा गाऊन घातला. २०२२ मध्ये याच पुरस्कारासाठी बोस्टनला गेल्या तेव्हा झगझगीत हिरवा गाऊन चक्क भाड्याने घेतला होता. भाड्याचा म्हणून कौतुक झालंच, पण लोकांनी त्याची चेष्टाही केली. लॉकडाऊनमध्ये आपण शिक्षकांनी व्हिडिओ करताना मागे हिरवा पडदा लावायला शिकलो होतो ना, तसंच. त्या गाऊनचा रंग पडद्यासारखा हिरवा, म्हणून लोकांनी संगणकावर त्याच्या जागी हवी ती चित्रं टाकली आणि फिरवली.

हिरवा रंग चुकला का?

मला सगळ्यात विचार करायला लावणारा प्रसंग मात्र २०१८ चा वाटतो.

कामाच्या ठिकाणी स्त्रियांना होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध 'टाइम्स अप' ही चळवळ तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. फेब्रुवारी २०१८ च्या बाफ्टा सोहळ्यात चळवळीला पाठिंबा म्हणून पाहुण्यांना काळे कपडे घालण्याचं आवाहन केलं होतं. बहुतेक सगळे काळ्या कपड्यांत आले. केट आल्या त्या जेनी पॅकहॅम यांच्या गडद हिरव्या गाऊनमध्ये, कमरेला काळी रिबन लावून. तेव्हा त्या तिसऱ्या बाळाच्या वेळी गरोदर होत्या आणि बाळंतपणाला दोनच महिने उरले होते.

टीका लगेच सुरू झाली. स्त्रियांसाठी एवढंसुद्धा करता आलं नाही का, असं अनेकांनी विचारलं. दुसऱ्या बाजूने सांगण्यात आलं, की ब्रिटनच्या राजघराण्यातल्या व्यक्तींनी राजकीय बाजू घ्यायची नाही असा तिथला जुना संकेत आहे, त्यामुळे त्या पूर्ण काळा पोशाख घालू शकत नव्हत्या. काहींना ती काळी रिबन म्हणजे पाठिंब्याची खूण वाटली, काहींना ती नुसती पळवाट वाटली.

आता बघा. काळा घातला असता तर नियम मोडला म्हणून बोलले असते. हिरवा घातला तर पाठिंबा दिला नाही म्हणून बोलले. मधला मार्ग काढला तर तोही पटला नाही. त्याच सोहळ्यात प्रिन्स विल्यम नेहमीच्या काळ्या सूटमध्ये होते. पुरुषांचा समारंभाचा सूट मुळात काळाच असतो, त्यामुळे त्यांना हा प्रश्न पडलाच नाही. छळाविरुद्धच्या चळवळीतसुद्धा कपड्यांची परीक्षा द्यावी लागली ती बाईलाच!

डायनांच्या वेळीही हेच

आपल्यापैकी अनेकांना प्रिन्सेस डायना आठवत असतील. १९८१ मध्ये लग्न ठरल्यावर मार्च महिन्यात त्या लंडनच्या एका संध्याकाळच्या कार्यक्रमाला काळ्या, खांदे उघडे असलेल्या गाऊनमध्ये गेल्या. वय अवघं १९. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत चर्चा कार्यक्रमाची नव्हती, गळ्याची होती.

पुढे जून १९९४ मध्ये, ज्या संध्याकाळी प्रिन्स चार्ल्स यांनी टीव्हीवरच्या मुलाखतीत आपल्या विवाहबाह्य संबंधांची कबुली दिली, त्याच संध्याकाळी डायना लंडनमध्ये एका कार्यक्रमाला छोट्या काळ्या ड्रेसमध्ये गेल्या. पत्रकारांनी त्याला 'सूडाचा ड्रेस' असं नाव देऊन टाकलं आणि आज तीस वर्षांनंतरही तेच नाव चालू आहे. मला हे नाव कधीच आवडलं नाही. चूक कबूल केली नवऱ्याने आणि सूडाचा शिक्का बसला बायकोच्या कपड्यावर.

याच डायनांनी जून १९९७ मध्ये आपले ७९ पोशाख न्यूयॉर्कमध्ये लिलावात विकले. कल्पना मुलाची, विल्यम यांची होती असं सांगितलं जातं. त्यातून ३२ लाख डॉलर्सहून अधिक रक्कम उभी राहिली आणि ती कर्करोग आणि एड्सच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थांना गेली. व्हाईट हाऊसमध्ये अभिनेते जॉन ट्रॅव्होल्टा यांच्याबरोबर नाचताना घातलेला निळा मखमली गाऊन एकटाच २,२२,५०० डॉलर्सला गेला. सूडाचा ड्रेस सगळ्यांना माहीत असतो. या लिलावाचं मात्र मी शिक्षक मैत्रिणींना विचारलं तर एकीलाही माहीत नव्हतं.

मग बोलूच नये का?

असं माझं म्हणणं नाही. राजघराण्यातली स्त्री समारंभात काय घालते हा तिच्या कामाचाही भाग असतो. १० एप्रिल २०१६ रोजी केट मुंबईत आल्या होत्या. ओव्हल मैदानावर सचिन तेंडुलकर आणि मुलांसोबत क्रिकेट खेळताना त्यांनी आपल्या मुंबईच्या डिझायनर अनिता डोंगरे यांचा ड्रेस घातला होता. तो मिळवण्यासाठी इतके लोक तुटून पडले की डोंगरे यांची वेबसाइट बंद पडल्याच्या बातम्या आल्या. त्याच संध्याकाळी ताजमहाल हॉटेलमधल्या कार्यक्रमात त्या निळ्या गाऊनमध्ये होत्या आणि पुन्हा त्याची चर्चा. म्हणजे अशा पोशाखामुळे कुणाचा तरी धंदा वाढतो, एखाद्या कारागिराच्या हाताला काम मिळतं, एखाद्या देशाला मान दिल्यासारखं होतं.

खर्चाचा प्रश्नही रास्त आहे. राजघराण्याच्या अधिकृत कामांसाठी सरकारी अनुदान मिळतं, तेव्हा एवढे महागडे गाऊन कशाला, असं तिथल्या नागरिकाने विचारलं तर त्यात गैर काय? आणि जुना गाऊन पुन्हा घातला म्हणून भारावून जाणाऱ्यांनीही थोडं थांबावं. ज्यांच्या कपाटात असे कितीतरी गाऊन आहेत, त्यांनी एक पुन्हा घालणं ही आवड आहे. ज्यांच्याकडे एकच आहे, त्यांची ती गरज आहे. दोन्हींना एकाच मापाने मोजता येत नाही.

म्हणजे कपड्याचा खर्च, कारागिरी, प्रसंग, त्यामागचा अर्थ यांवर मत असू शकतं. पण ती जाड झाली की बारीक, गरोदरपणात कशी दिसते, गळा किती खोल, त्यावरून तिचं चारित्र्य कसं, हे मत नाही. ही टोमणेबाजी आहे. आणि आपल्या घराघरांत, स्टाफरूममध्ये, लग्नाच्या मांडवात आपण बहुतेक वेळा ही दुसऱ्या प्रकारचीच मतं देत असतो. मुलं शेजारी बसून ऐकत असतात.

वर्गात मी काय केलं

त्या दिवशी मी मुलांना फळ्यावर तीन प्रश्न लिहून दिले. कुणाच्याही कपड्यांबद्दल बोलण्याआधी स्वतःला विचारायचे :

१. मला जे दिसलं ते सांगतोय, की माझ्या मनातलं सांगतोय? ("गाऊन पांढरा आहे" हे दिसलं. "तिला शोभत नाही" हे मनातलं.)

२. हेच मी एखाद्या पुरुषाबद्दल बोललो असतो का?

३. तो माणूस समोर उभा असता तर हेच बोललो असतो का?

मग पुरवणीतला तोच फोटो पुन्हा दाखवला आणि प्रत्येकाला एक वाक्य लिहायला सांगितलं. एका मुलाने लिहिलं, "ड्रेस जुना आहे पण हातमोजे नवीन आहेत." एकीने लिहिलं, "माझी आई आजीची पैठणी प्रत्येक लग्नात नेसते, तिला कोणी काही बोलत नाही, उलट सगळे हात लावून बघतात." मला हे वाक्य फार आवडलं. पैठणी जितकी जुनी तितका मान जास्त, हे आपल्याला शिकवायला कोणा राजघराण्याची गरज नाही. ते आपल्या घरातच आहे. फक्त पैठणीला दिलेला मान आपण फ्रॉकला देत नाही.

ती मुलगी का हसली नाही

आता राहिलेली गोष्ट. ही लिहायची की नाही यावर मी दोन दिवस विचार केला.

मागच्या वर्षी शाळेच्या बक्षीस समारंभात ही मुलगी निबंधाचं बक्षीस घ्यायला येणार होती. सकाळी ती गुलाबी फ्रॉक घालून आली, केसांत दोन रिबिनी, खूप खूश. मी तिला जवळ घेतलं आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "अगं, हा गॅदरिंगचाच ना मागच्या वर्षीचा?" बास, एवढंच. आजूबाजूच्या दोघी-तिघी हसल्या. मी कामाला लागले.

बक्षिसासाठी नाव पुकारलं तेव्हा ती स्टेजवर आली नाही. पोट दुखतंय म्हणून मागे बसून राहिली. तिचं प्रमाणपत्र मी दुसऱ्या दिवशी वर्गात दिलं. तिने ते घेतलं, दप्तरात ठेवलं. बोलली काहीच नाही.

माझ्या मनात वाईट काही नव्हतं. पण केट यांच्या हातमोज्यांवर लिहिणाऱ्या हजारो लोकांच्या मनात तरी कुठे काही वाईट असतं? प्रत्येकजण एकच वाक्य बोलतो. फरक इतकाच, की राजघराण्यातल्या स्त्रीला "तोच ड्रेस पुन्हा" म्हटलं की ती बातमी होते, कधी कौतुकही होतं, आणि दुसऱ्या दिवशी ती पुढच्या कार्यक्रमाला जाते. आपल्या वर्गातल्या मुलीला तेच वाक्य म्हटलं की ती स्टेजवर येत नाही.

कार्यानुभवाच्या तासानंतर मी तिला थांबवून घेतलं आणि म्हणाले, "मागच्या वर्षी मी तुझ्या फ्रॉकबद्दल बोलले ते चुकलंच माझं." ती खाली बघत म्हणाली, "मॅडम, तो आता माझ्या बहिणीला बसतो." मग पळत गेली.

पालकहो, शिक्षक मित्रहो, येत्या डिसेंबर-जानेवारीत आपल्या सगळ्यांच्या शाळांत गॅदरिंग होतील. मुलं कालचे, परवाचे, मोठ्या बहिणीचे, भाड्याचे कपडे घालून येतील. त्यांना काय विचारायचं हे आधी ठरवून ठेवूया. "कोणता डान्स आहे तुझा?" हा चांगला प्रश्न आहे. मी तोच विचारणार आहे.

आपल्या वर्गातले अनुभव जरूर कळवा.