खोली आपली, भिंत कोणाची?

आपल्या मध्यमवर्गीय कुटुंबांत अलीकडे एका नव्या पुरुषार्थाची भर पडली आहे. रविवारीं सकाळचा चहा झाला कीं घरचा कर्ता पुरुष, आणि हल्लीं पुष्कळ घरीं कर्ती स्त्रीहि, भिंतीला भोंक पाडण्याचें विजेचें यंत्र हातांत घेऊन सज्ज होतात. जुनी फरशी उखडली जाते, नाहींतर तिच्याच उरावर नवी बसते. मोरीची न्हाणी होते, न्हाणींत संडास येतो. आणि पावसाळ्यापूर्वीं सारें आटोपलें म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून तें दाखविण्यांत येतें. यंत्र बाजारांत मिळतें, कृति मोबाइलवर पाहावयास मिळते, माल घरपोंच येतो. ‘आपलें घर आपण करावें’ हें ब्रीद कानाला गोड लागतें, आणि स्वावलंबनाची निंदा करण्याचें पाप मला करावयाचें नाहीं. परंतु गिरगांव, दादर, परळ, लालबाग येथील ज्या जुन्या चाळींतून आपल्यापैकीं हजारों कुटुंबें आजहि राहतात, त्या चाळींत हें ब्रीद चुकीचें आहे, आणि कित्येकदां तें जीवघेणें ठरतें, असें माझें स्पष्ट म्हणणें आहे.

ज्या वस्तूवर आपण हातोडा उगारतों ती वस्तु कशी उभी आहे, एवढें तरी आधीं पाहावें. गिरगांवांतील जुन्या चाळी पुष्कळशा सागवानी सांगाड्याच्या आहेत. लांकडी खांब, त्यांवर बहाल, बहालांवर कड्या, कड्यांवर तक्तपोशी, आणि तिच्यावर चुन्याचा थर व फरशी. भिंती विटांच्या, पण चुन्यांत बांधलेल्या. पुढें कित्येक इमारतींत लोखंडी गर्डर आले, आणि १९२० सालीं स्थापन झालेल्या विकास खात्यानें उभारलेल्या बी. डी. डी. चाळींत सिमेंट-काँक्रीट आलें. चुन्याचा एक मोठा गुण असा कीं तो पावसाळ्यांत ओल पितो आणि उन्हाळ्यांत ती सोडून देतो. सिमेंटचा गिलावा तिला आंत कोंडून ठेवतो. कोंडलेली ओल भिंतीच्या पोटांतून कडीच्या टोंकापर्यंत पोंचते. आणि भिंतींत पुरलेलें हें टोंकच साऱ्या जमिनीचें वजन पेलीत असतें. लांकूड कुजावयास आरंभ होतो तो तेथें, जेथें कोणाची नजर जात नाहीं. लोखंडाचें दुखणें वेगळ्या जातीचें. गंज चढला कीं तें मूळच्या आकाराच्या कित्येक पट फुगतें आणि भोवतालचें बांधकाम आंतून फोडूं लागतें. वर्षाला दोन हजार मिलीमीटरांहून अधिक पाऊस जवळजवळ चार महिन्यांत झेलणाऱ्या या शहरांत ही कथा दर श्रावणांत एकेक पान पुढें सरकते.

आतां एक हिशेब मांडतों. तो ढोबळ आहे, पण आमच्या चाळींतल्या एकाहि बिऱ्हाडानें काम काढण्यापूर्वीं तेवढाहि केला नव्हता. पूर्वीं खोलीच्या कोपऱ्यांत तीन-चार फुटांची उघडी मोरी असे, तिला गुडघाभर कठडा. आज तेथें सहा फूट लांब व चार फूट रुंद अशी बंदिस्त न्हाणी हवी, तिच्यांत संडासहि हवा. सांडपाण्याच्या नळाला उतार मिळावा म्हणून जमीन नऊ इंच उचलतात आणि पोकळी विटांच्या तुकड्यांच्या कोब्यानें भरतात. हा कोबा १८ घनफूट झाला. त्याचें वजन सुमारें ८५० किलो. दोन बाजूंनीं साडेचार इंची विटांची भिंत, लांबी १० फूट, उंची ७ फूट. तिचें वजन सुमारें १,४०० किलो. वरच्या माळ्यावर ५०० लिटरांची टांकी. ती भरली म्हणजे आणखी ५०० किलो. एकूण पावणेतीन टन! राहत्या घराच्या जमिनीवर माणसें व सामान यांचा भार चौरस मीटरला सुमारें २०० किलो धरावा, असें आजचें भारतीय मानक आहे. त्या मापानें या चोवीस चौरस फुटांच्या वांट्याला ४५० किलोहि येत नाहींत. म्हणजे शंभर वर्षें राबलेल्या कड्यांच्या एका कोपऱ्यावर आपण सहापट ओझें ठेवलें, आणि त्यावर रोज पाणी ओतावयास सुरुवात केली. हें एका मजल्यावर. पुढच्या दोन वर्षांत वरच्यांनीं व खालच्यांनींहि तेंच केलेलें असतें, कारण ईर्ष्या ही ओलीपेक्षांहि लवकर पसरते. नाक्यावरून आणलेला मिस्त्री ‘काय नाय होत, साहेब’ असें म्हणतो, आणि पदवीधर साहेब तेवढ्यावर विसंबतात. औषधाच्या बाटलीवरचीं बारीक अक्षरें भिंगानें वाचणारीं हींच माणसें, हें ध्यानांत घ्यावें.

ओझ्याहून मला अधिक भय वाटतें तें झांकण्याचें. पूर्वींचा गृहस्थ भिंतीला ओल आली कीं ती कोठून आली हें शोधी. आजचा गृहस्थ तिच्यावर काय बसवावें हें शोधतो. पोपडे आले, टाइल लावा. कडी वांकली, खालून फॉल्स सीलिंग करा. या खोट्या छतांत दिवे फार सुंदर दिसतात, हें मी मान्य करतों. पण छत म्हणजे इमारतीचा चेहरा आहे. दुखणें प्रथम तेथें उमटतें, आणि आपण त्याच चेहऱ्यावर मुखवटा चढवितों. या अपराधांत मीहि भागीदार आहें. आमच्या मोरीलगतच्या भिंतीला मीं स्वतःच्या हातानें, मोठ्या हौसेनें, प्रथम तेलिया रंग दिला आणि तो फुगला तेव्हां टाइल बसविल्या. सहा वर्षें भिंत आरशासारखी दिसली. मग खालच्या बिऱ्हाडांत विजेची तार बदलावी लागली म्हणून तेथील फॉल्स सीलिंगचा एक तुकडा काढला, तों माझ्या मोरीखालच्या कडीचें टोंक चहांत बुडविलेल्या बिस्किटासारखें हातांत आलें. त्या छताखालीं पाळणा होता. बाई मला कांहीं बोलल्या नाहींत. ‘काका, वर येऊन पाहतां कां?’ हा एवढा मुलाचा प्रश्न अजून माझ्या कानांत आहे, कारण खरें पाहतां मला खालींच जावयाचें होतें.

या वादांत प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा असा: ‘आम्हीं करूं नये, तर करणार कोण?’ हा प्रश्न टाळतां येणार नाहीं. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें १ सप्टेंबर १९४० चें भाडें हें प्रमाण धरलें, आणि तें जवळजवळ तेथेंच गोठलें. भाडेकरू रस्त्यावर आला नाहीं, हा त्या कायद्याचा उपकार आपल्या आजोबांच्या पिढीनें घेतलेला आहे. परंतु मालकाला दुरुस्तींत कसलाहि रस उरला नाहीं, हा त्याचा दुसरा परिणाम आपण सोसतों आहों. १९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंहि ही गोठवणूक अन्याय्य ठरविली. १९९९ च्या नव्या कायद्यांत भाडेकरूला उपाय ठेवला आहे तो पाहा. मालकानें दुरुस्ती केली नाहीं तर त्यास किमान पंधरा दिवसांची सूचना द्यावी, मग स्वतः करावी, आणि खर्च भाड्यांतून कापावा. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक कापूं नये. ज्याचें भाडें महिना १०० रुपये आहे त्याला वर्षाकांठीं ३०० रुपये मिळाले. तेवढ्यांत गवंड्याची एका दिवसाची मजुरीहि भागत नाहीं. याच कायद्यांत आणखी एक गंमत आहे. मालकाच्या लेखी संमतीवांचून कायम बांधकाम करावयाचें नाहीं. पण लांकडी आडभिंत, स्वयंपाकाचा ओटा आणि फॉल्स सीलिंग यांना ती संमति लागत नाहीं. कायद्यानें फॉल्स सीलिंगचें वजन पाहिलें आणि तें निरुपद्रवी ठरविलें. त्याच्या मागें काय दडतें तें तराजूंत घालतां येत नाहीं, त्याला कायदा तरी काय करणार?

राहिलें सरकार. १९६९ च्या कायद्यानें दुरुस्ती मंडळ स्थापिलें आणि जुन्या इमारतींवर उपकर बसविला. त्या वेळीं अशा इमारती १९,६४२ होत्या. मंडळानें पुष्कळ इमारती सांवरल्या, पुष्कळ पुन्हां बांधल्या, हें न सांगणें अन्यायाचें होईल. पण गिरगांवांतल्या मुलाला दुरुस्ती मंडळ म्हणजे काय असें विचारा. तो जिन्याखालच्या टेकूकडे बोट दाखवील. तात्पुरते म्हणून आलेले कित्येक टेकू आतां रंग देण्याच्या वयाचे झाले आहेत.

तेव्हां माणसें स्वतः हात घालतात यांत नवल नाहीं. शिवाय गरज खरी आहे. गॅलरीच्या टोंकाला सामाईक संडास, पावसानें निसरडी झालेली फरशी, रात्रीचे दोन वाजलेले, आणि गुडघे गेलेली सासू किंवा आई. ज्या घरांत हें दृश्य रोजचें आहे, त्या घराला वजनाचे आंकडे ऐकवून गप्प बसविणें क्रूरपणाचें आहे. पण ‘मालक करीत नाहीं, मंडळ करीत नाहीं’ या दोन विधानांतून ‘म्हणून मी एकटा करीन’ हा निष्कर्ष निघतो कसा? निघावयास हवा तो ‘म्हणून आपण सारे मिळून करूं’ हा. प्रत्येक मजल्यावरच्या बिऱ्हाडानें आपापल्या मर्जीच्या कोपऱ्यांत संडास बसविण्याऐवजीं एकाखालीं एक असे, मागच्या बाजूस, स्वतंत्र पायावर आणि अभियंत्याच्या आंखणीनें, रीतसर परवानगी घेऊन बांधतां येतात. असें काम एकट्याच्या आवांक्यांतलें नाहीं, आणि म्हणूनच तें कोणी मनावर घेत नाहीं.

चाळीला एकत्र येतां येत नाहीं, असें मात्र कोणी मला सांगूं नये. याच गिरगांवांत केशवजी नाईकांच्या चाळींत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव चालला आहे. लालबागेंत १९३४ पासून चालला आहे. वर्गणीच्या पावत्या, हिशेबाच्या वह्या, कामाची वांटणी, रात्रीचे पहारे, भांडणें आणि त्यांचे निवाडे: सार्वजनिक संस्था चालविण्याची सगळी विद्या या चाळींना मुखोद्गत आहे. दहा दिवसांच्या रोषणाईला लागणारी वर्गणी आठवड्यांत जमते, आणि गच्चीची पन्हळ साफ करण्याचा विषय निघाला कीं तळमजल्याचा गृहस्थ म्हणतो, ‘गच्ची वरच्यांची.’ ती कोसळूं लागली तर वरचेच तेवढे खालीं येतील, अशी त्याची समजूत असावी.

हातांना काम नको असें मी म्हणत नाहीं. त्यांनीं काय करावें आणि कशाला शिवूं नये, एवढाच वाद आहे. विल्यम मॉरिस यानें १८७७ सालीं इंग्लंडांत जुन्या इमारतींच्या रक्षणाची संस्था काढली, तेव्हां त्याचा मुख्य आग्रह हाच होता कीं नूतनीकरणाच्या उत्साहापेक्षां रोजच्या निगेनें इमारत टिकते. त्याच्यापुढें प्राचीन देवळें होतीं, आपल्यापुढें मोरी आहे. सूत्र तेंच लागू पडतें. वैशाखांत पन्हळी साफ कराव्या. भिंतींतलें पिंपळाचें रोप नुसतें न कापतां मुळासकट काढवून घ्यावें आणि तेथें पुन्हां चुनाच भरावा. गळका नळ त्याच दिवशीं बदलावा. भेगेवर पेन्सिलीनें तारीख घालून ठेवावी आणि सहा महिन्यांनीं ती किती पुढें गेली तें पाहावें. या कामास यंत्र लागत नाहीं आणि घरांतलें दहा वर्षांचें मूल तें आवडीनें करतें. महापालिकेच्या १८८८ च्या अधिनियमाप्रमाणेंहि गिलावा, रंग, फरशी बदलणें, मोरीची व नळांची दुरुस्ती एवढें परवानगीवांचून चालतें. पोटमाळा वाढविणें त्यांत बसत नाहीं. खांब, बहाल, कडी आणि भार घेणारी भिंत यांना मात्र अभियंत्याच्या सल्ल्यावांचून कोणीं हात लावूं नये, मग तो स्वतः कितीहि हुषार असो.

‘चाळ पाडावयाचीच आहे, मग कशाला खर्च?’ असेंहि उत्तर मिळतें. पुनर्विकासाची आशा खोटी नाहीं. वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील पहिल्या कांहीं कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्यें नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. पण आजच्या आणि त्या दिवसाच्या मध्यें किती पावसाळे आहेत तें कोणास ठाऊक! भेंडीबाजारांतील हुसैनी इमारत पुनर्विकासाच्या योजनेंत घेतलेलीच होती. ३१ ऑगस्ट २०१७ रोजीं ती कोसळली आणि ३३ माणसें गेलीं. त्याच वर्षीं २५ जुलैला घाटकोपरला साईदर्शन इमारत पडून १७ जण मेले. तळमजल्यावर नूतनीकरण चाललें होतें व त्यांत खांबांना हात लावला गेला, असा आरोप झाला. तिच्या आधीं, २७ सप्टेंबर २०१३ रोजीं, डॉकयार्ड रोडजवळची बाबू गेनू मंडईची इमारत ६१ जणांना घेऊन बसली. तेथेंहि तळमजल्यावर केलेल्या फेरफारांकडे बोट दाखविलें गेलें. या शेवटच्या दोन इमारतींना शंभर वर्षें झालेलीं नव्हतीं. जेथें तरुण इमारतीची ही कथा, तेथें आपल्या वृद्ध चाळीनें किती सोसावें?

माझ्या मोरीखालची कडी बदलली. त्यासाठीं आठ बिऱ्हाडांनीं पैसे काढले, आणि अभियंत्यानें सांगितलें कीं त्या रांगेंतल्या सर्वच खोल्यांचीं छतें उघडून पाहावीं लागतील. सातांनीं उघडलीं, दोन ठिकाणीं कुजलेलें लांकूड सांपडलें. आठव्या बिऱ्हाडानें गेल्याच दिवाळींत नवें फॉल्स सीलिंग केलें आहे, दिवे बसविले आहेत, आणि तें उघडण्यास त्यांची अद्याप संमति नाहीं. चाळीची बैठक पुन्हां येत्या रविवारीं आहे. पावसाळ्याला सहा आठवडे उरले आहेत.