करण्यात आले! पण केलं कुणी?

आमच्या खाडीकाठच्या गावाचं एक साप्ताहिक आहे. चार पानी. दापोली-हर्णै पट्ट्यातला चाकरमानी मुंबईत कुठल्याही चाळीत नाहीतर झोपडपट्टीत राहत असो, ते त्याच्यापर्यंत पोचतं. पूर्वी पोस्टानं यायचं, आता मोबाईलवर येतं. भरती-ओहोटीच्या वेळा, एसटीच्या रद्द फेऱ्या, आंब्याचा मोहर, बिबट्या, शिमग्याची पालखी, दहावीचे गुणवंत, दुःखद निधन. गावाचं सगळं रोजचं जगणं यात आहे, असं संपादकसाहेब म्हणतात. आणि दर आठवड्याला त्यात दोन शब्द हमखास असतात : "करण्यात आले."

किनाऱ्याची साफसफाई करण्यात आली. वादळात पडलेले वृक्ष हटवण्यात आले. बेवारस प्रेत पाण्याबाहेर काढण्यात आले. गटारातील गाळ उपसण्यात आला. पर्यटकांच्या सोयीसाठी शौचालये स्वच्छ ठेवण्यात आली आहेत.

केलं कुणी? समुद्र आला आणि आपला आपण झाडून गेला? प्रेत स्वतःच्या पायानं किनाऱ्यावर चालत आलं?

व्याकरणाच्या तासाला मास्तर वाक्य द्यायचे आणि विचारायचे, कर्ता कोण? आमच्या गावच्या पेपरात कर्ता असतो तो फक्त नारळ फोडणाऱ्याला. त्याचं नाव, बापाचं नाव, आडनाव, पद, माजी पद, फोटोत शेजारी कोण उभं होतं, सूत्रसंचालन कुणी केलं, आभार कुणी मानले, सगळं छापतात. नारळ फुटला की पाव्हणे जीपमध्ये बसतात. मग खोरं-घमेलं घेऊन जो उतरतो, त्याच्यापासून "करण्यात आले" चालू होतं.

मी डॉकात माल उतरवतो. तिथल्या कागदावरही तेच. बोट लागली, माल उतरला, गाडी भरली. माल काय जिना उतरून येतो? पाठीची साल गेल्याशिवाय एक गोणी हलत नाही. पण कागदाला पाठ दिसत नाही. ही नजरचूक म्हणायची तर ती पिढ्यान् पिढ्या एकाच बाजूला कशी होते? कधीतरी चुकून नारळ फोडणाऱ्याचं नाव गळालं आणि खोरं धरणाऱ्याचं छापलं, असं कसं होत नाही? काम एकानं करायचं आणि नाव दुसऱ्याचं लागायचं, हे मनूनं ठरवून दिलं. पेपरवाल्यानं त्याला क्रियापद दिलं, एवढंच.

आता जरा या क्रियापदाच्या पोटात हात घालू.

मुरुड, कर्दे, लाडघर, आंजर्ले. किनाराभर लॉजं झाली, होम-स्टे झाले. पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं शुक्रवारी रात्री येतात, सुरमई खातात, रविवारी जातात. त्यांनी जे मागं ठेवलं ते कुठं जातं? खाली टाकीत. टाकी भरली की टँकर बोलावतात. टँकरच्या पाईपाला तळाचा घट्ट गाळ ओढत नाही, मग माणूस बोलावतात. तो माणूस कुठल्या वाडीतून बोलावतात, हे या किनाऱ्यावर शेंबड्या पोराला ठाऊक आहे. संपादकाला ठाऊक नाही. मैला वाहून नेण्याच्या प्रथेविरुद्ध पहिला कायदा १९९३ साली झाला. दुसरा, जास्त कडक, २०१३ साली. सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात, सेप्टिक टाकीत माणूस उतरवणं हा त्या कायद्यानं गुन्हा आहे. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, १९९३ पासून अशा कामात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला १० लाख द्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये तोच आकडा ३० लाख केला. ही बातमी किनाऱ्यावरच्या प्रत्येक लॉजमालकाच्या दारावर चिकटवायला हवी होती. आमच्या साप्ताहिकात त्या जागी "पर्यटन हंगामाची जय्यत तयारी" होती.

निसर्ग वादळ घ्या. ३ जून २०२०. श्रीवर्धन-दिवेआगरच्या अंगानं आत घुसलं आणि दापोली-मंडणगडपर्यंत माड, पोफळी, कलमं आडवी करून गेलं. पेपरानं लिहिलं, बागायतदारांचे अतोनात नुकसान. झालंच, ते कोण नाकारतो? पण बागायतदाराच्या माडावर चढतो कोण? पोफळीला शिंपणं कोण घालतो? आंब्याच्या हंगामात झेल्यानं फळ उतरवून पेट्या भरतो कोण? बाग पडली तशी त्याची पुढची दहा वर्षांची मजुरी पडली. त्याच्या नुकसानीचा रकानाच नव्हता. पंचनामा बसतो सातबाऱ्यावर, आणि सातबाऱ्यावर गड्याचं नाव नसतं. का नसतं, तेही ऐका. या कोकणात खोत होता. खोतानं जमीन गिळली, कुळाला राबवलं, आमच्याकडून वेठ घेतली. खोती मोडायचं बिल बाबासाहेबांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात मांडलं. १० जानेवारी १९३८ ला शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. खोती कायद्यानं गेली ती १९४९ च्या कायद्यानं. ज्यांच्याकडे कुळ म्हणून कागद होता त्यांना जमीन मिळाली. ज्यांच्याकडे नुसते हात होते ते हातच घेऊन राहिले, नाहीतर मुंबईला येऊन गोदीत, गिरणीत लागले. वादळ एका दिवसाचं होतं. हे दुसरं वादळ शंभर वर्षं चाललंय, त्याचा पंचनामा कुठला तलाठी करील?

म्हणजे पेपरात आम्ही येतच नाही का? येतो ना! मारामारी झाली की येतो. मग मात्र व्याकरण पलटतं. आमच्या पोरानं हात उचलला तर कर्ता ठळक टायपात : "बौद्धवाडीतील तरुणाची मारहाण." आमच्या पोराला झोडपलं तर पुन्हा कर्ता गायब : "दोन गटांत बाचाबाची, गावात तणाव." एकजण खाली पडलाय, आठजण वरून लाथा घालताहेत, याला हे दोन गट म्हणतात. उद्या म्हणतील, मासा आणि गळ यांच्यात वाद.

आमच्याबद्दलची अफवा ही बातमी होते आणि आमची बातमी ही अफवा ठरते. हे आजचं नाही. महाड काही आमच्यापासून लांब नाही. १९२३ साली बोल्यांचा ठराव कौन्सिलात पास झाला, १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी हजारो माणसांना घेऊन तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. गावात बातमी काय पसरली? की महार आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार! देवळाचा कुणी विचारही केला नव्हता. त्या खोट्या बातमीवर लाठ्या निघाल्या, परिषदेहून परतणाऱ्या बायाबापड्यांची डोकी फुटली. मग गोमूत्र-शेणाच्या घागरी ओतून तळं शुद्ध करण्यात आलं. बघा, तिथंही "करण्यात आलं"! डिसेंबरात बाबासाहेब परत निघाले ते बोटीनं. दासगावला उतरले, तिथून चालत महाड. मंडपाला गावात जागा मिळेना, ती दिली फत्तेखान नावाच्या मुसलमान माणसानं. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. आणि तळ्याचा निकाल हायकोर्टातून आमच्या बाजूनं लागला तो १७ मार्च १९३७ ला. एका ओंजळीचा खटला दहा वर्षं चालला.

खैरलांजी आठवते? २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं गावानं मारली. ती बातमी मोठ्या पेपरांत नीट यायला आठवडे लागले, आणि त्याआधी काय पसरलं तर बाईच्या चारित्र्याची अफवा. महाडात देऊळ, खैरलांजीत चारित्र्य. ऐंशी वर्षांत अफवेनं कपडे बदलले, धंदा तोच.

आता पाणी. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि एप्रिल उजाडला की आमच्या वाडीतल्या बाया कातळ उतरून पऱ्यातल्या डबक्यावर वाटीनं पाणी भरतात. वरच्या आळीला टाकी आहे. टाकीपासून आमच्या वाडीपर्यंत पाईप आलाय. पाणी आलेलं नाही. साप्ताहिकात "नळपाणी योजनेचे लोकार्पण" फोटोसकट आलं होतं. २०२० च्या डिसेंबरात सरकारनं निर्णय घेतला की वाड्या-वस्त्यांची जातीची नावं बदलायची. महारवाडा, मांगवाडा, बौद्धवाडा नको. समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर म्हणा. चांगलंय! आमचा नावाला विरोध नाही, उलट बापजाद्यांची ती मागणीच होती. पण जुनी पाटी काढली, नवी लावली, त्याच पाटीखाली तोच कोरडा नळ. समतानगराला पाणी नाही, क्रांतीनगराच्या मसणवट्याला शेड नाही, जुलैच्या पावसात चितेवर ताडपत्री धरून उभं राहावं लागतं. पाटी रंगवायला एक दिवस लागतो. पाईपात पाणी सोडायला किती लागतात, हा प्रश्न छापणारा पेपर या किनाऱ्यावर नाही.

संपादकाला विचारा. तो भला माणूस आहे. १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला पहिल्या पानावर बाबासाहेबांचा फोटो टाकतो, खाली बिल्डराची जाहिरात, "विनम्र अभिवादन". तो म्हणेल, "अरे, आम्ही जातपात मानत नाही. सगळं गाव एक. कशाला उगाच जात काढता?" साहेब, जात आम्ही काढत नाही. ती तुमच्या टाकीत आहे, तुमच्या पाईपात आहे, तुमच्या मसणवट्याच्या कुंपणात आहे. आम्ही फक्त तिच्यावर बोट ठेवतो, तर तुम्हाला बोट दिसतं. १९५६ साली धर्मांतर करून आमच्या आज्यांनी गावकीचा ढोल टाकला, मेलेलं ढोर ओढायचं नाकारलं, तेव्हा "सगळं गाव एक" होतंच. वाळीत टाकायला एक झालं होतं. दुकानातून मीठ नाही, बागेत मजुरी नाही, वाटेनं चालायचं नाही. माणसाला वाळीत टाकणं हा गुन्हा आहे, हे सांगणारा खास कायदा महाराष्ट्रात यायला २०१७ चा जुलै उजाडला. तोवर ती गावाची रीत होती, आणि रीत ही कधी बातमी होत नसते.

तेव्हा यांच्याकडे भीक मागायची नाही. "आमचीही बातमी छापा हो" म्हणून यांच्या दारात उभं राहायचं नाही. याच दापोलीत पलटणीतून पेन्शनीत आलेला एक म्हातारा बसला होता, गोपाळबाबा वलंगकर. १८८८ साली त्यानं "विटाळ विध्वंसन" काढलं आणि भटांना उघड सवाल केले. तेव्हा आपल्यात लिहिता येणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी "मूकनायक" काढला. त्याची जाहिरात "केसरी"नं पैसे देऊनही छापली नाही. मग काय, बाबासाहेब हात जोडून बसले? "मूकनायक" बंद पडला तर ३ एप्रिल १९२७ ला "बहिष्कृत भारत" काढला. त्याचे रकानेच्या रकाने स्वतः लिहिले. पुढं "जनता", पुढं "प्रबुद्ध भारत". महाडात नेमकं काय झालं, लाठी कुणी मारली, हे आज आपल्याला आपल्या तोंडून कळतं ते त्या पानांमुळं. नाहीतर तेही "दोन गटांत बाचाबाची" म्हणूनच गेलं असतं.

आणि आज? मुंबईतल्या पोरांनो, आता तुमच्याकडे वळतो, राग आला तर येऊ द्या. प्रत्येक वाडीच्या मंडळाची मुंबई शाखा आहे. जयंतीची पत्रिका निघते. त्यात अध्यक्ष, कार्याध्यक्ष, उपाध्यक्ष, सल्लागार, चाळीस नावं. म्हणजे नारळ फोडणाऱ्यांची यादी आपल्याकडेही झाली! पुढाऱ्याच्या वाढदिवसाला बॅनर, बॅनरवर पंधरा मुंडकी, मोबाईलवर दिवसभर "जय भीम साहेब". आणि त्याच वाडीत कुणाची आय डबक्यावर पाय घसरून पडली, कुणाच्या बापाला टाकीत उतरवलं, कुणाची वहिवाटीची जागा एजंटानं लॉजवाल्याला दाखवली, याची एक ओळ कुणी लिहीत नाही. क्रांतीवर कविता करणारे ढिगानं आहेत. आपल्या वाडीत मे महिन्यात हंडा किती वाजता भरतो, हे ठाऊक असलेला कवी दाखवा.

बातमी लिहायला पत्रकाराची डिग्री लागत नाही. वहीचं पान लागतं. तारीख लिहा. वार लिहा. जागा लिहा. पाईप कुठपर्यंत आला आणि पाणी कुठं थांबलं, ते पावलं मोजून लिहा. टाकी कुणाच्या लॉजची, उतरवलं कुणी, मजुरी किती दिली, दोर होता का, मुखवटा होता का. अर्ज कधी दिला, पोच घेतली का, उत्तर आलं का. ऐकीव असेल तर लिहू नका, आपल्याला अफवेचा धंदा करायचा नाही. जो सांगेल त्याला वाचून दाखवा, त्याच्या पोटावर पाय येणार असेल तर त्याचं नाव झाका, मालकाचं झाकू नका. आणि "करण्यात आले" हे दोन शब्द दिसले की तिथंच पेन थांबवा आणि विचारा, कुणी केलं?

त्या कागदाच्या झेरॉक्स काढा. एक वाडीतल्या विहाराच्या भिंतीवर, एक एसटी स्टँडवर, एक तहसीलदाराच्या टेबलावर, एक त्या संपादकाच्या दाराखालून. आणि एक आमच्याकडं पाठवा. पुढच्या अंकात कवितांच्या आधी ती पानं लागतील. कवितेला जागा उरली नाही तर कविता थांबेल, माझीसुद्धा.